घाई नाही

“हा निरोप पुसून टाक,” मी नान्सिकोम्बीला म्हटलं आणि फोन तिच्यासमोर चटईवर ठेवला.

“पुसू कसा? ऑर्डर आहे ती, सालोंगो.”

“ऑर्डर नाही. नीट वाच.”

तिनं मोठ्यानं वाचलं. “सालीची कापडं हवीत. तीन. घाई नाही.”

शाळेच्या व्हरांड्यात बसलेली माणसं जवळ सरकली. मध विकणाऱ्या मुगेर्वानं चहाचा कप खाली ठेवला.

“तीन जण,” तो म्हणाला. “आणि थांबायची तयारी आहे. धीराचा माणूस दिसतो.”

काही जण हसले. मी हसलो नाही. आमच्याकडे मुतुबाच्या झाडाची साल काढून, ती मोगरीनं बडवून कापड करतात आणि त्यात माणसाला शेवटचं गुंडाळतात. माझं काम तेच, माझ्या बापाचंही तेच. घरात कुणी गेलं की पहाटे कुणीतरी धापा टाकत माझ्या दारात येतं. कापड आधी आणून ठेवायचं नसतं. ठेवलं तर घरातल्या कुणाचं तरी मरण बोलावल्यासारखं होतं. घाई नसलेलं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नव्हतं.

“नंबर कुणाचा आहे?” मी विचारलं.

“नाव नाही. फुलाचा फोटो आहे.”

“बघ. तोंड लपवलंय.”

“फुलाचा फोटो अर्धा गाव लावतो, सालोंगो. माझ्या नणंदेनं कोबीचा लावलाय.”

नान्सिकोम्बी चटया विणते. फोनमुळे तिच्या चटया कंपालापर्यंत जायला लागल्या, तेव्हापासून ती आसपासच्या छोट्या धंदेवाल्यांना दर शनिवारी या व्हरांड्यात जमवते. फी नाही. नियम एकच. फोनवर विकण्याबद्दल जे कळलं ते दुसऱ्याला शिकवायचं, आणि बदल्यात आपल्या कामातलं काहीतरी सगळ्यांना सांगायचं. फुकट शिकवणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते. आणि कामातलं सांगायचं म्हणजे घरातलंच की. माझी बायको नाकिमुली इथं नेमानं यायची. मी कधी आलो नव्हतो. गेल्या वर्षी ती छातीच्या दुखण्यानं गेली. धंद्याचा फोन तिचा होता. तो वाजत राहिला, म्हणून मला यावं लागलं.

कोपऱ्यात काकोझा बसला होता. पलीकडच्या टेकडीवर तोही सालीचं कापड करतो. एकाच प्रेतासाठी आम्ही दोघं मोगरी उचलतो, तेव्हा आमच्यात प्रेम किती असेल ते समजून घ्या.

“घे की ऑर्डर,” तो म्हणाला. “तू थोडाच मारणार आहेस त्यांना.”

“तूच घे.”

“मला नाही पाठवलं त्यांनी.”

हे तो जरा जास्तच सहज म्हणाला. मी फोन उचलला आणि निघालो. जाताना खांबाला लटकवलेली कुणाची तरी पिशवी डोक्याला लागली.

मुगेर्वाच्या घरात मध टिकतो, बातमी टिकत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानापाशी बोडावाला, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्यानं माणसं नेणारा पोरगा, गाडी थांबवून म्हणाला, “काका, त्या तिघांत मी नाही ना? कालच नवा टायर घातलाय.” संध्याकाळी शेजारची याएरी आजी काठी टेकत माझ्या ओसरीवर आली. बसायलाही तयार नव्हती.

“सालोंगो, खरं सांग. माझ्या सुनेनं तर मागवली नाहीत?”

“तीन मागवलीत, आजी. तुम्ही एकट्या.”

“मी उंच आहे,” ती म्हणाली. “आणि सून हल्ली गोड बोलते.”

मी तिला घरापर्यंत पोचवून आलो. सून दारातच होती. खरोखर गोड बोलली. परत येताना माझ्या डोक्यात तेच. जिवंत माणसांसाठी कापड देतो असं माझं नाव झालं तर उद्या पहाटे धावत येणारा माणूस माझ्या दाराऐवजी काकोझाच्या दारात जाईल. हे कुणाच्या सोयीचं होतं?

घरात कापडं दोनच शिल्लक होती. नाकिमुलीला मी बडवलेल्या कापडात गुंडाळलं, त्यानंतर मोगरी उचलली नव्हती. झाडाची साल काढली की ते सोलल्यासारखं उघडं पडतं. त्याला लगेच केळीची पानं गुंडाळून केळीच्याच सोपटानं बांधावी लागतात, तरच नवी साल धरते. नाहीतर झाड वाळतं. हे बांधणं नाकिमुलीचं काम. ती डावखुरी होती. लहानपणी मार खाऊन तिनं जेवायला आणि घ्यायला-द्यायला उजवा हात लावून घेतला होता, पण झाडापाशी तिचा डावा हात चालायचा. तिनं बांधलेलं कधी वाऱ्यानं सुटलं नाही, आणि तिच्या झाडांची साल फिरून येताना मऊ यायची. माझं लक्ष काढलेल्या सालीकडे असायचं. तिची गाठ कशी होती ते मी पाहिलेलं नव्हतं.

आमच्या जुळ्यांमुळे मी सालोंगो झालो आणि ती नालोंगो. जुळ्यांच्या आईबापांना आमच्यात हा मान असतो, तो मरेपर्यंत जात नाही. त्या जुळ्यांपैकी काटो कंपालात असतो. त्यानं मला स्पष्टच सांगितलं होतं.

“बाबा, आई गेल्यापासून तुम्ही एका झाडाला हात लावला नाही. नुसती सावली देतायत. या पावसातही साल काढणार नसाल तर तोडून टाकू. निलगिरी लावू.”

त्याचं चूक नव्हतं. पण तिनं सांभाळलेलं झाड माझ्या बांधण्यानं वाळलं असतं, तर मी त्याच्याकडे रोज बघू शकलो नसतो. तोडलेलं बरं, असं माझं जवळजवळ ठरलं होतं.

शेवटी त्या फुलाच्या नंबरला मी स्वतः फोन लावला. बाई बोलली. बोलणं उत्तरेकडचं.

“मी अकेलो. जिंजाहून.”

“तुमच्या घरात कोण आजारी आहे?”

“कुणी नाही. का हो?”

“मग तीन कुणासाठी?”

“टोप्या शिवते मी. आणि पर्स. पाहुणे घेतात इथं, नदी बघायला येणारे.”

“टोप्या,” मी म्हटलं. “म्हणजे जिवंत माणसं डोक्यावर घालणार.”

“आतापर्यंत तरी जिवंतच आली आहेत, बाबा.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, “माझा नंबर कुणी दिला?”

“काकोझांनी. मी त्यांच्याकडूनच घेत होते. ते म्हणाले, टोपीला माझं जाड पडतं, सालोंगोचं मऊ असतं, तिकडे विचारा.”

मी फोन ठेवला. आता मला अकेलोबाईचं भय उरलं नाही, काकोझाचं वाढलं. आपलं गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या दारात आणून सोडणारा कापडवाला मी ऐकला नव्हता. कुठंतरी पाणी मुरत होतं. मला वाटलं, माझ्याकडे कापड नाही हे त्याला ठाऊक आहे. मी नाही म्हणालो की ती बाई सगळ्यांना सांगेल, सालोंगोचं संपलं.

नान्सिकोम्बी दुपारी चटईचं गवत घेऊन जाताना थांबली. तिला मी एवढंच म्हटलं, की दोन आहेत, तिसरं नाही.

“झाडं आहेत ना? साल काढा.”

“आणि पानं कोण बांधणार?”

हे तोंडातून निसटलं. तिनं गवताचा भारा खाली ठेवला. माझ्यासमोरच फोन काढून तिनं ग्रुपवर लिहिलं, की सालोंगोला पानं बांधायला माणूस हवाय. मला विचारलंही नाही. मी ओरडेपर्यंत ते सगळीकडे गेलं होतं.

सकाळी काकोझा आला. सायकलच्या मागे केळीच्या पानांचा भारा.

“पानं माझ्या बागेत आहेत,” मी म्हटलं.

“होती. नालोंगो गेल्यापासून बागेत डोकावलायस का? सगळी फाटलीत.”

ते खरं होतं. त्यामुळे मला जास्त राग आला. हा माझी झाडं बघायला आलाय, असं मला वाटलं. साल काढताना त्याला पाठ फिरवायला सांगणार होतो. पण तोच म्हणाला, “तू काप. मी पानं शेकून मऊ करतो,” आणि माझ्याकडे न बघता चुलीपाशी जाऊन बसला.

स्वयंपाकघरामागचं झाड मी निवडलं. वर गोल चीर दिली, खाली एक, मग मधली उभी. केळीच्या दांड्याची पाचर सारत सारत साल सोडवली. हात विसरले नव्हते. साल अखंड उतरली आणि आतलं खोड ओलं, पांढुरकं, उघडं पडलं.

“आण,” मी म्हटलं.

काकोझानं पानं गुंडाळली. उजव्या हातानं ती दाबून धरली आणि सोपटाची दोरी डाव्या हातात घेतली. दोरी पडली. त्यानं उचलली. पुन्हा पडली.

“लवकर. सुकतंय.”

“गप्प बस. कुणी बोललं की चुकतं माझं.”

जीभ दातांत धरून तो बांधत होता, पहिलीतल्या मुलानं पाटी धरावी तसा. काकोझा मोगरी उजव्या हातानं मारतो. जेवतो उजव्या हातानं. आमची पोरं व्हायच्या आधीपासून मी त्याला ओळखतो.

“तू डावखुरा कधीपासून झालास?”

“कुठे झालो? पण ही गाठ उजव्या हातानं येतच नाही. करून बघितली मी. सुटते.”

“शिकवली कुणी तुला?”

झाडाच्या पलीकडून त्यानं मान काढून माझ्याकडे पाहिलं. मी चेष्टा करतोय का ते तो बघत होता.

“नालोंगोनं. दुसरं कोण शिकवणार? तिची सांगायची पाळी होती. शाळेच्या खांबाला पानं बांधून दाखवली सगळ्यांना. नान्सिकोम्बीला येते. मुगेर्वालाही येते, आणि त्याच्याकडे तर झाडसुद्धा नाही.”

“आणि तू तिला काय दिलंस?”

“फोटो. कापड दारात धरायचं, सकाळच्या तिरक्या उन्हात. तुझं कापड फोनवर मऊ दिसतं ना, ते माझं शिकवणं.” मग जरा थांबून म्हणाला, “मऊ असतंही म्हणा.”

मला आधी रागच आला. आमच्या घरची गोष्ट तिनं चारचौघांत खांबाला बांधून दाखवली होती. घरी येऊन केळी सोलत बसली होती आणि मला बोलली नव्हती. बोलली असती तर मी जाऊ दिलं नसतं, हे तिला माहीत होतं.

“तुझी किती झाडं अशी बांधलीस?”

“सगळी. माझंही मऊ यायला लागलंय आता. पुढच्या वर्षी टोप्या मीच घेणार, सांगून ठेवतो.”

मी पलीकडच्या टेकडीकडे पाहिलं. इथून झाडं दिसतात, गाठी दिसत नाहीत.

“सोड ती,” मी म्हटलं.

“का? घट्ट बसलीय.”

“सोड. पुन्हा बांध. सावकाश.”

त्यानं सोडली, पुन्हा बांधली. वरची गाठ मी माझ्या हातानं घालायला घेतली. दोरी डाव्या हातात धरली. सुटली.

“अंगठा खाली,” काकोझा म्हणाला. “ती म्हणायची, अंगठा झोपला पाहिजे.”

मी अंगठा झोपवला.

कापड बडवून उन्हात टाकलं तेव्हा त्याला नेहमीचा तांबूस रंग आला. तिन्ही कापडं मी स्वतः बसवर चढवली आणि जिंजात पोचल्याचा निरोप येईपर्यंत फोन हातातून खाली ठेवला नाही. काकोझानं मध्येच कुठे हात मारू नये म्हणून. त्यानं मारला नाही. याएरी आजी विचारायला आली, “कुणी गेलं का?” मी म्हटलं, “टोप्या झाल्या त्यांच्या, आजी.” ती काठी टेकून ओसरीवर बसली. मग म्हणाली, “मग माझ्यासाठी एक लांब ठेव. सुनेला सांगू नकोस.”

झाडाला बांधलेली पानं उचलून पाहिली तेव्हा आत नवी साल धरत होती. काटोला कळवलं, निलगिरी नको.

शनिवारी मी व्हरांड्यात लवकर गेलो. नान्सिकोम्बी चहाचं पाणी आणायला गेली होती. मुगेर्वा फोनशी झटापट करत होता. माझी पाळी होती, आणि काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. खांबाला पिशवी लटकत होती, मागच्या वेळी डोक्याला लागली तीच असावी. तिचा बंद कशाला अडकवलाय ते मी तेव्हा पाहिलं नव्हतं. खांबाभोवती सोपटाची दोरी होती. पानं कधीच गळून गेलेली, दोरी वाळून काळी पडलेली, गाठ डावीकडे वळलेली.

कुणी बघत नाही ना ते मी पाहिलं. पिशवी काढली, खिडकीच्या खिळ्याला अडकवली आणि चटईवर येऊन बसलो.