कोचची गाडी

आमचं कोच गाव बूडाहून व्हिएन्नाला जाणाऱ्या रस्त्यावर. बोदोर आम्ब्रुश गाड्या करायचा आणि मी लोहार, त्याच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचो. आमची गाडी हलकी. तिच्या बाजू वाळुंजाच्या फोकांनी विणलेल्या.

त्या वसंतात आम्ब्रुशला एकच धास्ती होती. जावई बालिंट व्हिएन्नाला कामाला जाणार आणि एकुलती एक मुलगी ओर्शोया त्याच्यामागे. तिकडचे सुतार आमच्याच गाड्यांची नक्कल करत होते.

"नकल्यांच्या हाताखाली? त्यापेक्षा डुकरं राख!"

"मामा, दोन महिन्यांत आपली एकच गाडी विकली गेली. डुकरं तरी कशावर पोसू?"

एके सकाळी व्हिएन्नाचा एक कापडवाला घाम पुसत चालत आला. "माझी कोची पुलाशी पडलीय. चाक मोडलंय."

"कोचीच का म्हणता तिला?" मी विचारलं.

"का म्हणजे? आमच्याकडे सगळे म्हणतात!"

"शेठ, तुम्ही उभे आहात तेच कोच." त्याला वाटलं, मी थट्टाच करतोय.

बैल लावून गाडी अंगणात आणली. आम्ब्रुशला तर सणच! "बालिंट, ये, बघ तुझे व्हिएन्नावाले. ओकच्या फळ्या! गाडी आहे की संदूक?" उरलेल्या चुका काढायला तो गाडीखाली शिरला आणि चाकांचा आस चाचपू लागला.

बाहेर आला तो गुडघे झटकत. खोटं बोलता आलं असतं. खाली दुसरं कोणी वाकलं नव्हतं.

"आस झकास बसवलाय," तो म्हणाला. "आपल्यापेक्षा चांगला."

ओर्शोयाने रुमालाने डोळे पुसले. "बाबा, आम्ही नाही जात."

"जा गं. गावाचं नाव आपल्याआधी पोचलंय तिथे. मागून काम जाऊ दे. आस बसवणं शिकून घ्या, अन् विणकाम त्यांना शिकवा."

कापडवाला दोघांना गाडीतून न्यायला तयार झाला. चाक संध्याकाळपर्यंत झालंही. पण आम्ब्रुशने त्याला आणखी दोन दिवस अडकवून ठेवलं. फळ्या उखडल्या आणि फोक भिजत घातले.

"अहो, मोडलं होतं फक्त चाक!" कापडवाला ओरडला.

"तुमचं चाक मोडलं होतं," आम्ब्रुश विणता विणता म्हणाला. "बसणार माझी पोर आहे."