चार अक्षरांची चाल

मुलांनो, जरा कल्पना करा. दातांच्या डॉक्टरांनी हिरडीत सुई टोचली आहे आणि तुम्ही नुकतेच घरी आला आहात. गालावर बोट ठेवलंत तर बोटाला गाल लागतो, पण गालाला बोट लागत नाही. चिमटा काढून पाहा, काही नाही. गाल तुमचाच, पण जणू शेजाऱ्यांकडून मागून आणलेला. आता असंच सगळ्या अंगाला झालंय, आणि अंगाच्या आतसुद्धा, असं धरून चाला. जमलं? मग तुम्ही आता खारीच्या जागी आहात.

खार म्हणजे अकरा वर्षांची एक मुलगी. पेन्सिली कुरतडायची म्हणून बाबांनीच तिचं हे नाव पाडलं होतं. बाबांचं केस कापायचं दुकान होतं आणि तोंडाला त्यांच्या क्षणाची उसंत नसे. गिऱ्हाईक खुर्चीत नीट टेकायच्या आत त्याच्या सासऱ्याच्या गुडघेदुखीची चौकशी सुरू व्हायची. एका सकाळी त्यांच्या हातातली कात्री गळून पडली आणि पाठोपाठ तेही खाली बसले. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत गाठ अडकली, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं गेलं.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा बाबांच्या तोंडून एकच अक्षर निघत होतं, ‘ते’. पाणी हवं तरी ‘ते’, खिडकी लावा तरी ‘ते’. समोरच्याला उमगलं नाही की डाव्या हाताने उशी भिरकावायचे. पुढे पुढे उशीही भिरकावेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

आई रडली. आत्या तर दारातच मटकन बसून रडली. खार रडली नाही. तिने दप्तर भरलं, शाळेत गेली, घरी येऊन भांडी विसळली. सगळं जिथल्या तिथे करत होती, फक्त करणारी दुसरीच कुणीतरी असल्यासारखी.

बोलणं परत शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी आईला आणि आत्याला समजावलं, “बोलायची वाट बंद झालीय, पण गाण्याची बहुतेक उघडी असते. रोजच्या वाक्याला छोटीशी चाल लावा. त्यांच्या डाव्या हातावर ठेका धरा आणि म्हणा. पण एक सांगते, त्यांनी प्रयत्नच सोडून दिला, तर मला काही करता यायचं नाही. आणि ते सोडायच्या बेतात आहेत.”

खार दाराशी उभी राहून ऐकत होती. आपल्याला आता भीती वाटायला हवी, हे तिला कळत होतं. वाटली नाही. ती संध्याकाळी सरळ आत्याकडे गेली. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, लहान मुलांना गाणं शिकवायची.

“आत्या, ‘पाणी हवं’ला चाल लाव.”

“मी? तुझा बाप माझ्या गाण्याला जन्मभर नावं ठेवत आलाय. माझी चाल ऐकली तर होतं नव्हतं तेही बंद करेल. तू लाव.”

“मला येत नाही.”

“मी काय आईच्या पोटातून शिकून आले होते? बस इथे.”

आत्याने कीबोर्ड पुढे ओढला. “हा सा. इथे पाय जमिनीला टेकलेले असतात. रे, ग, या वरच्या पायऱ्या. आणि ही मात्रा.” तिने मांडीवर थाप मारली, मग दुसरी, मग तिसरी. “दोन थापांमधलं अंतर सारखं. मधेच धावायचं नाही, रेंगाळायचं नाही. सूर आणि मात्रा, एवढ्या सामानावर माणसं आयुष्य काढतात.”

दुसऱ्या दिवशी खारीने चाल आणली. सातही सूर होते तिच्यात, वर जाऊन खाली उतरत होते.

आत्याने शांतपणे ऐकून घेतली. “छान आहे. पण अगं, चार अक्षरांना एवढे जिने चढायला लावलेस, तहानलेला माणूस वरच्या मजल्यावर पोचायच्या आत आडवा होईल. चाल आधी ऐकायची असते. बोलण्यात ती असतेच. म्हण बघू, ‘पाणी हवं’, नेहमीसारखं.”

खारीने म्हटलं. चारही अक्षरं एका रेषेत आली, फळ्यावर पट्टीने ओढल्यासारखी.

आत्याने कीबोर्ड बाजूला सारला. “हल्ली तू सगळं एकाच सुरात बोलतेस, खारे.”

“माहीत आहे.”

“बरं. मग जिथे लोक नीट बोलतात तिथे जाऊन ऐक.”

मधल्या सुट्टीत खार शाळेतल्या नळाशी जाऊन उभी राहिली. धक्काबुक्की चालली होती. कुणी म्हणालं, “ए लंबू, टाकी पिणार का सगळी?” मग पहिलीतली एक मुलगी, दोन दात पडलेली, रांगेतून ओरडली, “मला पाणी हवंऽ!” ‘पा’ खाली, ‘णी’ वर, ‘ह’ तिथेच वर, आणि ‘वं’ परत खाली. खार ते चार सूर तोंडात धरून दिवसभर वर्गात बसली. कुणाशी बोलली नाही, सांडतील म्हणून.

आत्याने कीबोर्डवर शोधून दिले: सा, ग, ग, सा.

“दोनच सूर?” खारीने विचारलं.

“त्याला दोनच झेपतील. वाजव.”

घरी खारीने बाबांचा डावा हात आपल्या हातात घेतला. त्यांच्या तळव्यावर थापा देत म्हणू लागली, पाणी हवं, पाणी हवं, पाणी हवं. बाबांनी मान वळवली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग डोळे मिटून ते भिंतीकडे वळले.

“चूक कुठे झाली?” तिने आत्याला विचारलं.

“तू थांबतेस कुठे? बिचाऱ्याने शिरायचं कुठून?”

तेव्हा खारीला दुकान आठवलं. बाबा केस कापताना कात्री चार वेळा केसांत चालवायचे, आणि कंगवा फिरवताना कात्री नुसती हवेत चालू ठेवायचे, कच कच कच कच. केस एकही कापला जायचा नाही, पण ठेका तुटायचा नाही. आणि बाबा बोलायचे ते नेमके तेव्हा, हवेतल्या कात्रीच्या वेळी.

तिने कागदावर लिहिलं: सा, ग, ग, सा. पुढे चार आडव्या रेघा. चार मात्रा गायच्या, चार नुसत्या मोजायच्या. आत्याने कागद हातात घेतला, मांडीवर थापा देत पाहिला आणि म्हणाली, “झाली चाल. यात मी काही घालणार नाही.”

त्या दिवसापासून खार शाळेतून आली की पाण्याचा ग्लास घेऊन बाबांपाशी बसायची. चार मात्रा गायची, चार मात्रा नुसती थाप द्यायची. त्या चार थापांमध्ये खोलीत काहीच व्हायचं नाही. आईने एकदा करून पाहिलं, पण ती दुसऱ्याच थापेला पुन्हा गायला लागली. आत्या तर मधेच उठून स्वयंपाकघरात गेली. खारीचा ठेका हलायचा नाही. बाबांनी तोंड उघडलं तरी तिला काही वाटत नव्हतं, मिटलं तरी वाटत नव्हतं. ती फक्त पुढची मात्रा मोजायची.

एका दुपारी आत्या स्वयंपाकघरात भांडी लावत होती. खारीचं गाऊन झालं, थापा सुरू झाल्या. एक. दोन. आणि बाबांचा घोगरा, गंजलेला आवाज आला, अगदी त्याच चालीत:

“पाणी नको.”

स्वयंपाकघरातला आवाज थांबला.

“पाणी नको!” बाबा पुन्हा म्हणाले. या वेळी वैतागून.

आत्या ओल्या हातांनी दारात आली. “काय म्हणाला गं हा?”

“नको म्हणाले.”

“बघा! एवढी चाल लावून दिली आणि पहिला शब्द काय, तर नको! लहानपणापासून अस्साच आहे मेला!” आत्या हसत होती, आणि पदराने नाकडोळे पुसत होती. बाबांच्या तोंडाची डावी कड वर गेली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही.

खारीने हातातल्या ग्लासकडे पाहिलं. मग उभ्या उभ्या, घटाघटा, तिने तो स्वतःच रिकामा केला. पाणी गार होतं. ते घशातून खाली उतरताना तिला लागलं, छातीपर्यंत. तिने तोंड पुसलं, ग्लास बाजूला ठेवला आणि बाबांचा डावा हात पुन्हा हातात घेतला. थापा द्यायला लागली, पण या वेळी ती काहीच गायली नाही. सगळ्या मात्रा तिने बाबांसाठी मोकळ्या सोडल्या.