मनोऱ्याखाली राहिलेली सायकल

मित्रांनो, मी आता जुनी झालेली एक सायकल आहे. मला पाहिलं की लोक जरा गोंधळतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, आणि टायर मात्र जाड, खरखरीत. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. पण मी चुकून अशी झालेली नाही. मला खडीच्या वाटेसाठीच घडवलं होतं. डांबर जिथे संपतं आणि पांढरट खडीची वाट झाडांमधून डोंगर चढू लागते, तिथे माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. तो दिवसभर लोकांची फाटकं, जिने आणि गॅलरीचे कठडे जोडायचा, आणि काम आटोपलं की शटर अर्धं ओढून सायकली बनवायचा. मला त्याने आपल्या धाकट्या बहिणीसाठी बनवलं. ती त्याला दादा म्हणायची आणि तो तिला ताई म्हणायचा. धाकटी असूनही लहानपणापासून हुकूम तीच सोडायची, म्हणून तिला हे नाव पडलं आणि कायमचं चिकटलं.

त्या वर्षी ताईचा नवरा अचानक गेला. घरात येणाऱ्याजाणाऱ्यांचं सांत्वन ऐकून ती थकली. एके दिवशी तिने शहरातली नोकरी सोडली आणि डोंगरातल्या राखीव उद्यानात टेहळणी मनोऱ्यावर काम धरलं. कोरड्या महिन्यांत वर एकटीने राहायचं, चारी बाजूंना नजर ठेवायची आणि कुठे धूर दिसला की वायरलेसवरून खाली कळवायचं, असं ते काम होतं. दादाने खूप समजावलं, पण ताईपुढे त्याची मात्रा चालली नाही.

"बरं, जा," तो शेवटी म्हणाला. "पण शिधा घेऊन गाडी येणार आठवड्यातून एकदा. मधेच माणसाचं तोंड बघावंसं वाटलं तर?"

"नाही वाटणार."

"तरी असू दे," म्हणत त्याने मला पुढे केलं.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, दारात उभी होती. माझं हँडल पाहून तिला हसू फुटलं. "अगं बाई, हिला शिंगं कशाला लावलीत?" मित्रांनो, गंमत बघा. नवरा सायकली घडवणारा, आणि बायकोला सायकल येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिला शिकवायला कधी कुणाला सवड झाली नाही, आणि तिनेही कधी मागितलं नाही.

मनोरा एका उंच धारेवर होता. वर चारी बाजूंना काचा असलेली एक खोली, खाली जुन्या फावड्यांची आणि दोरांची अंधारी कोठी. रोज उजाडताच ताई मला बाहेर काढायची आणि आम्ही फेरीला निघायचो. खडीवर चालणं सोपं नसतं. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी लागते. उतारावर ब्रेक करकचून दाबला की चाक घसरलंच म्हणून समजा. सुरुवातीला ताई कितीदा तरी पडली. तिचे कोपर सोलले, माझा रंग सोलला. मग हळूहळू तिला कळलं की हात सैल सोडले की वाट आपोआप हातात येते. वळणावर खडी उडायची, झाडांच्या सावल्या अंगावरून सरसर जायच्या. ताई तेव्हा हसायची नाही, पण तिचा श्वास मोकळा व्हायचा. तो मला हँडलमध्ये कळायचा.

बोलायला तिला माझ्याशिवाय कोण होतं? वायरलेसवरच्या माणसाला ती "सगळं ठीक" एवढंच सांगायची. मला मात्र सगळं सांगायची. चढ चढताना ती नवऱ्याशी भांडायची. "एवढी काय घाई होती तुम्हाला?" असं धापा टाकत विचारायची. मग माथ्यावर थांबून माझ्या सीटवर हात ठेवून उभी राहायची. मी लोखंडाची. मी काय उत्तर देणार? पण मी हलायचे नाही. तेवढंच मला करता येत होतं.

सुट्टीच्या दिवशी माझ्यासारख्याच सायकली घेऊन एक टोळकं यायचं. त्यांचा म्होरक्या एक चष्मेवाला दंतवैद्य होता. मनोऱ्यापाशी ते पाणी प्यायचे, फोटो काढायचे, माझ्या जोडकामाची तारीफ करायचे. "चला की ताई, आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत," दंतवैद्य दर वेळी म्हणायचा. ताई मान हलवायची. ते गेले की खडीचा आवाज बराच वेळ ऐकू यायचा आणि मग एकदम बंद व्हायचा. त्यानंतरची शांतता आधीपेक्षा जास्त जड असायची. ताई त्या दिवशी लवकर दार लावून घ्यायची.

अशाच एका दिवशी वणवा लागला. दुपार होती, वारा भणाणत होता. टोळकं नुकतंच धारेपलीकडे ओढ्याकडे उतरलं होतं. तिथून ते दरीतल्या वाटेने खालच्या फाटकाकडे निघणार होते. ताईला धूर दिसला तो नेमका त्याच वाटेवर, फाटकाच्या अलीकडे. वारा त्याला दरीतून वर ढकलत होता. तिने वायरलेस उचलला. नुसती खरखर. पुन्हा प्रयत्न केला. खरखरच.

मनोरा सोडायचा नाही, असा नियम होता. पण खाली माणसं होती आणि ती आगीच्या तोंडी निघाली होती. ताई जिना उतरली तीच मुळी धावत.

त्या दिवसासारखी मी आधी कधी धावले नव्हते, नंतरही कधी नाही. एका वळणावर दगड लागला आणि मागची ट्यूब फुटली. ताई थांबली नाही. रिम खडीवर खणखणत होती, वाकत होती. मला इजा होत होती आणि मला थांबायचं नव्हतं.

ओढ्याकाठी सगळे जण बूट काढून पाण्यात पाय सोडून बसले होते.

"उठा! खाली आग आहे!"

"कुठे? धूर तर दिसत नाही," कुणीतरी म्हणालं.

"इथून दिसेल तेव्हा पळायला जागा उरणार नाही. सायकली पाण्यात टाका आणि त्या कातळावर चढा. चला!"

तिच्या आवाजात असं काही होतं की सगळे अनवाणीच उठले. पलीकडच्या उंच कातळावर गवताची काडी नव्हती. सगळे एकमेकांना हात देत वर चढले. आम्ही सायकली ओढ्याच्या थंड पाण्यात एकमेकींवर पडून राहिलो. वरून धूर गेला, ठिणग्या पाण्यात पडून चर्र विझल्या. मित्रांनो, खरं सांगते, त्या भयंकर वेळी मला एक विचित्र सुख वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या जातीच्या इतक्या जणींमध्ये होते.

कुणाला ओरखड्यापलीकडे काही झालं नाही. कातळावरून कुणाचा तरी फोन लागला, बंब आले, आणि संध्याकाळपर्यंत आग आटोक्यात आली. मग कौतुकाचे दिवस आले. वर्तमानपत्रात ताईचा फोटो छापून आला, शेजारी मी, वाकड्या चाकासह. दादा मुद्दाम वर आला आणि त्याने रिम ठोकून सरळ केली. पुरती सरळ झालीच नाही. चाक फिरताना थोडं लचकायचं. "राहू दे," तो म्हणाला. "माझ्या बहिणीसारखी आहे. सरळ होणार नाही, पण पोचेल." ताई त्या दिवशी खळखळून हसली. ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

पण कौतुकाच्या पाठोपाठ चौकशी आली. वायरलेस ऐन वेळी बंद पडतो आणि माणसाला जागा सोडावी लागते, म्हणून मनोऱ्यावर कॅमेरे बसवायचं ठरलं. उद्यानाचे साहेब भले गृहस्थ होते. "ताई, आता तुम्ही आराम करा," असं ते अगदी मनापासून म्हणाले. सामान न्यायला आलेल्या जीपमध्ये गाद्या, भांडी, पेट्या भरल्या आणि माझ्यासाठी जागा उरली नाही. ताईने मला कोठीत भिंतीला टेकवलं. "पुढच्या आठवड्यात येते," म्हणाली आणि दाराला कुलूप लावलं.

तो पुढचा आठवडा आला नाही.

आधी टायर बसले. मग साखळीवर गंज चढला. एका उंदराने सीट कुरतडून आत पिल्लं घातली. मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. निदान कुणाची तरी ऊब होती. पिल्लं मोठी झाली आणि तीही गेली. छपरावरचा कॅमेरा घूं घूं करत फिरायचा. त्याला मैलोन्मैल दिसायचं, पण आपल्या पायाखाली कोण आहे हे दिसत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी बाहेर खडी वाजायची. कुणीतरी माझ्याच भिंतीला पाठ टेकून पाणी प्यायचं. एकदा ओळखीचा आवाज आला, "इथे ताई असायच्या." मला ओरडावंसं वाटलं. पण सायकलीची घंटा दुसऱ्याच्या अंगठ्यावाचून वाजत नाही.

तिने मला टाकलं, असं मी मनाशी धरून बसले. गंजापेक्षा ते जास्त खात होतं.

मग एका सकाळी कुलूप खडखडलं. दारात ताई उभी होती. केस पांढरे झालेले, खांदे उतरलेले. बराच वेळ तिला माझ्याकडे नीट बघवेना.

"दादा गेला गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं अंथरुणावर होता. एक बाजू लुळी पडली होती. मी आणि वहिनी, आळीपाळीने... घराबाहेर पडणंच व्हायचं नाही."

तिने पदराने माझ्यावरची कोळिष्टकं पुसली. जोडावर, जिथे दादाचा हात फिरला होता, तिथे तिची बोटं थांबली, आणि मग ती रडली. मी हलले नाही. तेवढंच मला अजून येत होतं.

त्या दिवशी ती माझ्यावर बसली नाही. हँडल धरून, माझ्यावर थोडा भार टाकत, सबंध उतार ती चालत आली.

आता मी त्या वेल्डरच्या घरी असते. ताईने नवे टायर घातले, साखळी बदलली. उद्यानाच्या फाटकाजवळ खडीचा एक सपाट पट्टा आहे. तिथे ती मला सकाळी नेते, पण स्वतःसाठी नाही. माझ्यावर वहिनी बसते. या वयात, कमरेला पदर खोचून, ओठ घट्ट मिटून. ताई मागून सीट धरून चालते. एकीचा भाऊ गेला, दुसरीचा नवरा, आणि त्याने घडवलेली मी मधे.

"सोडू नकोस हं!" वहिनी ओरडते.

"नाही सोडत. तू पुढे बघ."

आणि ती सोडत नाही. तिचा हात मला सीटखाली सारखा जाणवतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी जिन्याखाली, गच्चीवर, एखाद्या मागच्या खोलीत कुणी तरी उभं असेल. कदाचित सायकल असेल, कदाचित माणूस. त्याला तेल घाला, हवा भरा, विचारपूस करा, हे सगळं नंतर. तुम्हाला उशीर झाला असेल, लाज वाटत असेल, तरी आत थांबलेल्याला तुमचं कारण माहीत नसतं. तेव्हा एवढंच करा. आधी जाऊन दार उघडा.