मी अडखळतो, म्हणून चित्र चालतं

मी एक जुना फिल्म प्रोजेक्टर आहे, आणि मी अडखळतो. मित्रांनो, ही गोष्ट मी आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्यातली सगळी शान त्या अडखळण्यातूनच आलेली आहे.

पडद्यावर घोडा धावताना तुम्हाला वाटतं की माझ्या पोटातली फिल्मही तशीच सुसाट धावत असेल. तसं नसतं. फिल्मवरचं प्रत्येक चित्र माझ्या भिंगासमोर येऊन क्षणभर अगदी स्तब्ध उभं राहतं. मग पत्र्याची एक फिरती पाकळी प्रकाश झाकते, तेवढ्या अंधारात चार खाचांचं एक चाक पाव वळण घेतं आणि फिल्म एका चित्रापुरती खाली सरकते. पुन्हा थांबते. एका सेकंदात हे चोवीस वेळा होतं. मी थांबलोच नाही, तर सगळी चित्रं एकमेकांत मिसळतील आणि पडद्यावर नुसत्या रेघा दिसतील.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ते चार खाचांचं चाक घासणारा कारागीर दर थोड्या वेळाने ते कानाशी धरायचा आणि फिरवून ऐकायचा. त्याला पसंत पडेल असा आवाज आल्यावरच त्याने मला पुढे सोडलं. माझ्यासोबत माझा एक जोडीदारही होता, अगदी माझ्यासारखाच. आम्हा दोघांना लाकडी खोक्यांत घालून एका गावातल्या एकुलत्या एक सिनेमागृहात आणलं गेलं. एक रीळ मी दाखवायचो, पुढचं तो. आमची अदलाबदल प्रेक्षकांना कळायचीही नाही. तेव्हा आमच्या पोटात कार्बनच्या कांड्या जळायच्या आणि खोलीत धुराचा वास भरून राहायचा. लोक शिट्ट्या मारायचे, रडायचे, खुर्च्यांवर उभे राहायचे. ते सगळं नटनट्यांसाठी असायचं, हे मला माहीत होतं. तरी त्या शिट्ट्यांमधला थोडा वाटा आपला आहे, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

पुढे माझा जोडीदार बिघडला. त्याचे सुटे भाग काढून मला बसवले आणि उरलेला तो भंगारात गेला. तेव्हापासून सगळी रिळं एका मोठ्या चाकावर जोडून घेऊन मी एकटाच चालतो. माझ्यातला अर्धा आवाज अजून त्याचा आहे.

मला चालवणाऱ्या बाईंना सारं गाव आत्या म्हणतं. त्या खऱ्या आत्या मात्र एकाच मुलीच्या. त्यांच्या भावाची ती मुलगी. तिचे आईवडील दोघंही दुपारपाळीला कामावर जायचे, म्हणून शाळा सुटली की ती थेट माझ्या खोलीत यायची. माझ्या दिव्याच्या फटीतून सांडणाऱ्या उजेडात तिने पाढे पाठ केले. फिल्म कशी ओवायची, भिंगामागच्या ज्या दारातून फिल्म सरकते त्याच्या वर आणि खाली तिचा एकेक सैल झोळ का सोडायचा, हे ती आत्यांना विचारून विचारून शिकली.

विचारताना ती अडखळायची. पहिलं अक्षर तिच्या ओठांवर येऊन थांबायचं आणि पुढे सरकायचं नाही. शाळेतल्या मुलांनी तिचं नाव 'म्यूट' ठेवलं होतं, फोनवर आवाज बंद करायचं बटण असतं ना, ते.

आता त्या गावची एक रीत सांगतो. दरवर्षी शाळेचा शेवटचा वर्ग निरोप घेतो, त्या दुपारी आमच्याकडे त्यांना एक जुना सिनेमा दाखवतात. त्याचं नाव 'शेवटून पहिले'. शाळेच्या रिले संघातल्या मुलांना गालगुंड होतं. उरते एकटी चॅम्पियन मुलगी. मग खेळाचे सर हाताला लागतील त्या तिघांना पकडून तिच्यासोबत उभं करतात: वर्गातला पहिला नंबर, आरशासमोरून न हलणारी हिरोइन आणि रोज मारामारी करणारा टग्या. चौघं एकमेकांचा तिरस्कार करतात. शर्यतीत हातातली कांडी पडते, चौघं शेवटचे येतात, आणि मग रिकाम्या मैदानावर बसून पहिल्यांदा एकमेकांशी खरं बोलतात. हसताहसता डोळे पुसायला लावणारा सिनेमा आहे. माझा तो सर्वांत आवडता.

गावातल्या प्रत्येक पोराला त्याचे संवाद तोंडपाठ. पण रीत अशी की खेळाडू मुलं दाराजवळ बसणार आणि फक्त चॅम्पियनचे संवाद म्हणणार. मधल्या रांगा हुशारांच्या, ते पहिल्या नंबराचे. बाल्कनी नटूनथटून आलेल्यांची, ते हिरोइनचे. मागची रांग उनाडांची, ते टग्याचे. दुसऱ्या गटाचा संवाद कुणी चुकून म्हटला, तर सारं थिएटर त्याची हुर्यो उडवायचं. गंमत बघा, जो सिनेमा असे शिक्के पुसायला निघाला होता, तो बघायला मुलं शिक्के लावूनच बसायची!

म्यूट कुठल्याच गटात नव्हती. ती माझ्या खोलीतल्या झरोक्यातून बघायची, आणि चौघांचेही संवाद तिला येत होते. ओठ हलवायची, आवाज न करता.

मग तिचाच वर्ग निरोप घेण्याचं वर्ष आलं. सिनेमाआधी एका विद्यार्थ्याने मंचावरून दोन शब्द बोलायचे असतात. कोण बोलणार, असं बाईंनी वर्गात विचारलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "म्यूट!" खिदळत सगळे हात वर झाले. बाईंनी तिला विचारलं आणि तिने मान डोलावली.

"अगं, नाही म्हणायचंस की सरळ!" आत्या त्या दिवशी फिल्म पुसता पुसता चिडून म्हणाल्या.

"न... नाही म्हणायलाही वे... वेळ लागतो, आत्या. तोवर बा... बाई पुढे गेल्या."

आत्यांना हसू आलं. मग त्या गंभीर झाल्या. "खरं सांग. बोलायचंय तुला?"

तिने माझं चाक हाताने एक वळण फिरवलं. मग म्हणाली, "हो. ए... एकदा तरी. शा... शाळा संपायच्या आत."

रोज दुपारी ती माझ्यासमोर उभी राहून भाषण म्हणू लागली. ऐकणारा मी एकटा, आणि मला तर थांबण्याचा मुळीच कंटाळा नाही.

तो दिवस उजाडला. थिएटर खचाखच भरलं. ती मंचावर गेली, माइकसमोर उभी राहिली आणि "आ..." म्हणून थांबली. तिला म्हणायचं होतं, "आमच्या वर्गाच्या वतीने." पहिलंच अक्षर अडलं. झरोक्यातून मला तिची मूठ दिसत होती, आवळलेली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे, कुणीतरी अनम्यूट करा हिला!" सगळीकडे हशा पिकला. ती आणखी थोडी थांबली. मग उतरली आणि जिना चढून माझ्या खोलीत आली. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. आत्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला सुरू केलं.

मित्रांनो, त्या दिवशी मी जीव ओतून चाललो. एक चित्रही हलू दिलं नाही. गट आपापल्या जागी होते, आपापले संवाद ओरडत होते. शर्यत आली, कांडी पडली, चौघं शेवटचे आले. आणि नेमका तेव्हाच माझा आवाज गेला.

ध्वनी फिल्मच्या कडेला एका बारीक पट्टीत असतो. एक छोटा दिवा त्या पट्टीतून प्रकाश पाडतो आणि त्या प्रकाशाच्या कमीजास्त होण्यातून आवाज तयार होतो. तो छोटा दिवा उडाला होता. चित्र चालू, आवाज बंद.

"काही नाही, जादा दिवा आहे," म्हणत आत्यांनी खण उघडून डबी काढली. दिवा बसवला. लागला नाही. पुन्हा बसवला. आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. जळका दिवा थिएटरच्या मालकांना दाखवण्यासाठी नव्याच्या रिकाम्या डबीत घालून ठेवायची त्यांची जुनी सवय. दाखवायचं राहून गेलं होतं, आणि काच तर दोन्हींची सारखीच स्वच्छ दिसते.

खाली शिट्ट्या सुरू झाल्या. मालक धापा टाकत वर आले. "काय चाललंय? बंद करा ते! म्हणून म्हणत होतो, नवीन मशीन घेऊ या. हे धूड उद्याच उचलायला सांगतो."

आत्यांचा हात माझ्या बटणाकडे गेला. तो म्यूटने धरला.

"शे... शेवट बाकी आहे," ती म्हणाली.

माझ्या शेजारी एक माइक असतो. कुणाची गाडी आडवी लागली तर सांगायला. तिने तो उचलला आणि झरोक्याला नाक लावलं. पडद्यावर चॅम्पियनने तोंड उघडलं आणि थिएटरभर आवाज घुमला:

"मला धावायला आवडतच नाही. मला कधी थांबलेलं बघितलंय का कुणी?"

एकही अक्षर अडलं नव्हतं! कुणाच्या तरी हलत्या ओठांशी लय जुळली की तिची वाट मोकळी होत होती, जसा माझ्या फिल्मचा सैल झोळ धक्के पोटात घेतो आणि पुढे ती सुरळीत वाहते. खाली शिट्ट्या थांबल्या. माना वळल्या. हा आवाज कुणाचा, ते कुणालाच कळेना. कळणार कसं? त्यांनी तो असा अखंड कधी ऐकलाच नव्हता.

तिने हिरोइनचं वाक्य म्हटलं, "घरात तो आरसाच काय तो माझं ऐकतो." आत्या तोंडावर हात धरून उभ्या होत्या. मालक उंबरठ्यावरच खिळले होते.

मग पहिल्या नंबराची पाळी आली. त्याचं वाक्य सुरू होतं तेव्हा पडद्यावर त्याचा चेहरा नसतो, नुसतं रिकामं मैदान दिसतं. धरायला ओठच नव्हते.

"पे... पे..."

अडलं. आता सगळ्यांना कळलं आवाज कुणाचा आहे ते. थिएटर इतकं शांत झालं की माझी खडखड खालपर्यंत ऐकू गेली. तिने माइक खाली ठेवला नाही. पुन्हा म्हणाली, "पे..."

आणि दाराजवळून, खेळाडूंमधून, त्यांचा दांडगा कप्तान उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पेपरातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला येतात! पण डबा खाताना कुणाशेजारी बसायचं, ते मला कुणी शिकवलंच नाही!"

कप्तानाने पहिल्या नंबराचं वाक्य म्हटलं होतं. रीत मोडली होती. हुर्यो उडायला हवी होती. उडाली नाही. उलट मधल्या रांगेतली जाड चष्म्याची एक मुलगी उभी राहिली आणि टग्याचं वाक्य ओरडली, "मी भांडतो, कारण मग निदान नाव घेऊन तरी मला रागावतात!" बाल्कनीतून चॅम्पियनचं वाक्य आलं. मागच्या रांगेतल्या उनाडांनी हिरोइनची वाक्यं अशा जिव्हाळ्याने म्हटली, की हसावं की रडावं ते बाईंना कळेना. वरून म्यूटचा आवाज पुन्हा लयीत आला आणि त्या सगळ्यांना बांधून घेऊन शेवटपर्यंत गेला. माझ्या कित्येक वर्षांच्या नोकरीत तो सिनेमा एवढा स्पष्ट कधीच ऐकू आला नव्हता.

दिवे लागले. टाळ्या काही थांबेनात. कप्तान माझ्या झरोक्याकडे बघून ओरडला, "ए, खाली ये! तुझं भाषण राहिलंय!"

ती खाली गेली. मंचावर चढता चढता त्याला म्हणाली, "वा... वाक्य पळवलंस माझं."

"चुकलं. हे नाही पळवणार," तो म्हणाला आणि पहिल्या रांगेपुढे खाली फरशीवर बसला.

ती माइकसमोर उभी राहिली. या वेळी समोर कुणाचे हलते ओठ नव्हते.

"आ..." ती म्हणाली आणि थांबली.

सारं थिएटर थांबलं. कुणी हसलं नाही. कुणी वाक्य पुरं करून दिलं नाही. एवढी माणसं नुसती वाट बघत बसलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि बघा, वाट बघणं हे तर माझंच काम.

"आ... आमच्या वर्गाच्या वतीने," ती म्हणाली, आणि पुढे बोलत गेली. कितीतरी ठिकाणी अडखळली. कुठेही सोडलं नाही. शेवटी म्हणाली, "आणि माझं ना... नाव म्यूट नाही." मग तिने आपलं खरं नाव सांगितलं, सावकाश आणि पूर्ण. ते थिएटरमधल्या प्रत्येकाने ऐकलं. तुम्हाला ते मी सांगणार नाही. ते तिने स्वतः सांगायचं असतं.

नवीन मशीन आलं. माझ्याशेजारी उभं आहे, सडपातळ आणि गुणी. मला उचलायला मात्र कुणी आलं नाही. त्या वर्गातली पोरं मालकांच्या दारात जाऊन बसली होती. मालक म्हणाले, "राहू दे बाबांनो, धूड आहे, पण आपलं धूड आहे." दरवर्षी निरोपाच्या दुपारी 'शेवटून पहिले' मीच दाखवतो. आता मुलं येतील तशी बसतात, आणि वाटेल त्याचं वाक्य वाटेल तो म्हणतो. खणातल्या डबीत नवा कोरा दिवा असतो. आत्या तो आधी लावून बघतात.

मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र धूळ खात पडलं असेल, तर त्याला फडकं मारा, दोन थेंब तेल द्या. आणि तुमच्या वर्गात कुणी बोलता बोलता अडलं, तर त्याला तेलाची गरज नसते. नुसतं थांबा. पाकळी क्षणभरच मिटलेली असते. पुढचं चित्र येतंच आहे.