एका ओळीचा फरक

संतोषचा फोन आला तेव्हा उत्कर्षाची कंपनी-बस भूमकर चौकाच्या अलीकडे अडकून पडली होती. संतोष नारायण पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पेशंटना रिपोर्ट पाठवायचं काम करायचा आणि त्या लॅबचं सॉफ्टवेअर उत्कर्षाची कंपनी सांभाळायची. एरवी त्याचा फोन प्रिंटर अडला की यायचा.

"मॅडम, एक बाई लई चिडल्यात," तो म्हणाला. "सुशीलाबाई नावाच्या. त्यांच्या मोबाइलवर दुसऱ्याचाच रिपोर्ट गेलाय. पुन्हा पाठवून देऊ का?"

"थांबा, संतोषदादा. दुसऱ्याचा गेलाच कसा?"

"काय माहीत. मी त्यांच्याच ओळीवर होतो बघा. देवाशप्पथ."

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला लगेच कळलं, आणि म्हणूनच ती घाबरली.

लॅबचा तो प्रोग्राम जुना होता. काळ्या खिडकीत नुसता मजकूर दिसायचा, एकेका ओळीत एकेक पेशंट: नाव, तपासण्या, फोन नंबर. बाणाच्या कळीने ओळीवर जायचं, एक कळ दाबायची, की रिपोर्ट रवाना. पडद्यावरची कुठली ओळ मूळ फाइलमध्ये नेमकी कुठे आहे, हे प्रोग्राम आतल्या आत लक्षात ठेवायचा. फोन नंबर तो पडद्यावर दिसणाऱ्या ओळीतून उचलायचा; रिपोर्ट मात्र आपल्या लक्षात असलेल्या जागेवरून. दोन्ही जुळत होतं, तोवर सगळं सुरळीत होतं.

गेल्या आठवड्यात उत्कर्षाने त्यात हात घातला होता. खिडकी लहान-मोठी केली की प्रोग्राम सगळ्या जागा पुसून नव्याने मांडायचा आणि क्षणभर अडखळायचा. ते अडखळणं घालवायला तिने ठरवलं, की उंची बदलली तरच पुसायचं. रुंदीने काय बिघडतंय?

"संतोषदादा, आज ती खिडकी अरुंद केली होती का?"

"हो की. शेजारी व्हॉट्सॲप उघडलं ना. का बरं?"

खिडकी अरुंद झाली की लांबलचक ओळ मोडते आणि एकीच्या दोन होतात. त्याखालचे सगळे पेशंट एकेक ओळ खाली घसरतात. पडद्यावर घसरतात, प्रोग्रामच्या लक्षात ते जुन्याच जागी असतात. म्हणजे संतोषने सुशीलाबाईंच्या ओळीवर कळ दाबली, तेव्हा त्यांच्या नंबरवर त्यांच्या खालच्या पेशंटचा रिपोर्ट गेला. आणि त्या खालच्या पेशंटला त्याच्याही खालच्याचा.

"आता काहीही दाबू नका," ती म्हणाली. आवाज चढलाय हे तिला शेजारच्या मुलाने वळून पाहिल्यावर कळलं. "सुशीलाबाईंना कुणाचा रिपोर्ट गेलाय?"

"शरच्चंद्र आगाशे." संतोष जरा थांबला. मग त्याचा आवाज बदलला. "मॅडम, हे ते पोटॅशियमवाले काका हायेत. किडनीचे पेशंट. आज सातच्या वर आलंय त्यांचं. सकाळी दोनदा फोन लावला मी, उचलला नाही. मग म्हटलं रिपोर्ट तरी जाऊ दे. 'ताबडतोब डॉक्टरांना भेटा' असा लाल शेरा मारून पाठवला."

"सातच्या वर म्हणजे काय होतं?"

"हार्ट बंद पडू शकतं, मॅडम."

तो लाल शेरा सुशीलाबाईंच्या मोबाइलवर पडून होता. आगाश्यांना त्यांच्या खालच्या ओळीवरच्या कुणा रोहनचा रिपोर्ट गेला होता. रोहन धडधाकट होता.

संतोषकडून नंबर आणि पत्ता घेऊन उत्कर्षाने आगाश्यांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. बाहेर एका टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात दाबून धरला होता आणि बस तसूभरही हलत नव्हती. आपल्याला नोकरीत अजून कायम केलेलं नाही, हा विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने टीमप्रमुख नीरजाताईंना फोन केला. त्या नारायण पेठेतच राहायच्या आणि आज घरूनच काम करणार होत्या.

"नीरजाताई, माझ्याकडून फार मोठी चूक झालीय. मागच्या आठवड्यात मी तो जो बदल..."

"माणूस धोक्यात आहे का?"

"हो."

"मग चूक नंतर सांग. आधी पत्ता सांग."

पत्ता त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होता. उत्कर्षा फोन हातात धरून बसली. मांडीवर लॅपटॉप उघडून तिने खिडकी अरुंद केली, आणि चूक पहिल्याच फटक्यात समोर आली. उजळलेली ओळ एक, उघडलेला रिपोर्ट दुसराच. इतकं सोपं होतं. कुणीही एकदा करून पाहिलं असतं, तर दिसलं असतं. तिनेच पाहिलं नव्हतं.

नीरजाताईंचा फोन आला. "कुलूप आहे. शेजारी म्हणतायत, मित्राबरोबर खडकवासल्याला गेलेत. रिपोर्ट चांगला आला म्हणून खुशीत होते म्हणे. शेजाऱ्यांनी त्यांचा फोन लावला, तो घरातच वाजला, मला इथे ऐकू आला. मित्राचा नंबर मिळालाय, वैजनाथ नाव. तू बोल, मी गाडी काढते."

वैजनाथांनी पहिल्या घंटीला फोन उचलला. मागे वाऱ्याचा आवाज होता आणि कुणी कणीसवाला ओरडत होता. त्यांनी फोन मित्राकडे दिला.

"बोला. आपण कोण?" आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट.

"काका, मी लॅबच्या सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतेय. तुम्हाला आलेला रिपोर्ट तुमचा नाही."

"नाव माझं नाही, ते पाहिलं मी. त्यावर नाव रोहन आहे आणि वय बावीस. नाव तुमच्याकडे चुकायचंच, म्हणून आकडे माझेच धरले. वय वाचून मात्र बरं वाटलं."

"काका, तुमचं पोटॅशियम फार वाढलंय. सातच्या वर. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जायला हवं."

पलीकडे स्ट्रॉने काही ओढल्याचा आवाज आला.

"तुम्ही काही पिताय का आत्ता?" तिने विचारलं.

"शहाळं," आगाशे म्हणाले. "वर्षभरात पहिलं. म्हटलं, आकडे चांगले आलेत."

"ठेवा खाली. प्लीज, काका. शहाळ्यात पोटॅशियमच असतं."

"ते मला माझ्या डॉक्टरांनी तुमच्या आधी सांगितलंय." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आज पायांत जोर नाही खरा. मला वाटलं, उन्हामुळे."

वैजनाथांनी फोन काढून घेतला. सिंहगड रोडला एक मोठं हॉस्पिटल त्यांना माहीत होतं. त्याचं नाव सांगून, "निघालोच," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नीरजाताईंना हॉस्पिटलचं नाव कळवून उत्कर्षा बसमधून उतरली. संतोषला तिने सांगितलं, की सकाळपासून गेलेला एकेक रिपोर्ट फोनवरून पडताळायचा, खिडकी रुंद ठेवूनच. ती हायवेच्या पुलाखालून उलट्या दिशेला चालत गेली, एका रिक्षावाल्याला हाताने अडवलं आणि हॉस्पिटलपर्यंत वाटभर फोनकडे बघत राहिली. फोन वाजला नाही. बातमी नाही म्हणजे बरं की वाईट, हे तिला ठरवता येईना.

हॉस्पिटलच्या दारात नीरजाताई भेटल्या. "आत घेतलंय. हृदयाचे ठोके बिघडलेत. इंजेक्शनं चालू आहेत, मग डायलिसिस." इतकंच बोलून त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि चहा आणून हातात दिला. तो तिला पिता आला नाही.

आगाश्यांची सून अपूर्वा ऑफिसमधून धावत आली. वैजनाथ तिला काही सांगू लागले तेव्हा उत्कर्षा उठून उभी राहिली. नीरजाताईंनी तिच्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही.

"तो रिपोर्ट माझ्यामुळे चुकला," उत्कर्षा म्हणाली. "लॅबमधल्या माणसाची त्यात काही चूक नाही. मी प्रोग्राममध्ये बदल केला आणि नीट तपासला नाही."

"आणि तो बदल मी मंजूर केला," नीरजाताई म्हणाल्या.

अपूर्वाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "आई गेल्यावर बाबांनी वर्षभर सगळं पथ्य पाळलंय," ती म्हणाली. "केळं नाही, शहाळं नाही, काही नाही. आणि तुम्ही त्यांना सांगितलंत की सगळं ठीक आहे." ती रडली नाही. पाठ फिरवून काचेच्या दाराशी जाऊन उभी राहिली, आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत तिथून हलली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर आणलं. ठोके सुधारतायत. अजून थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

दुपारपर्यंत संतोषचा निरोप आला. बाकी चुकलेले रिपोर्ट साधे होते. सगळ्यांना फोन झाले होते. सुशीलाबाई आणि आगाशे सोडून कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. नीरजाताईंनी तिथेच बाकावर बसून जुना प्रोग्राम लॅबमध्ये परत चढवला. उत्कर्षाने कंपनीच्या मालकांना सविस्तर मेल लिहिली: काय बदललं, का बदललं, काय तपासलं नाही. शिवाय फोन नंबर आणि रिपोर्ट वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलणं मुळातच धोक्याचं आहे, ते आधी बदलायला हवं, हेही. नोकरीबद्दल तिने काही लिहिलं नाही. उत्तर आलं ते फक्त "सोमवारी बोलू" एवढंच.

आगाश्यांना साध्या खोलीत हलवल्यावर त्यांनी तिला बोलावून घेतलं. चेहरा ओढला होता, दंडाला पट्टी होती.

"नीट समजावून सांगा," ते म्हणाले. "काय झालं होतं?"

तिने उशालगतच्या कागदी रुमालावर ओळी काढून दाखवल्या. लांब ओळ कशी मोडते, खालच्या कशा घसरतात. त्यांनी दोन प्रश्न विचारले, तेही नेमके.

"हं. मी नाव वाचलं होतं," ते म्हणाले. "तेव्हाच फोन करायला हवा होता. चांगले आकडे होते, म्हणून केला नाही. तेवढी चूक माझी."

"नाही, काका, तुमची कसली..."

"मध्ये बोलू नका. उरलेली तुमची. आणि ती मोठी आहे."

"हो," उत्कर्षा म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. जावं की थांबावं, तिला कळेना. शेवटी अपूर्वाने कोपऱ्यातली खुर्ची पुढे सरकवली, तिच्याकडे न बघताच, आणि उत्कर्षा बसली.