भर दुपारी लागलेले दिवे

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. खिशात मावणारी नव्हे. दोन कपाटं शेजारी शेजारी उभी केली तर जेवढी जागा लागेल, तेवढी मी एकटी अडवते. एका चार मजली इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत माझा मुक्काम आहे. एका बाजूला चाक नसलेली सायकल, दुसऱ्या बाजूला रंगाचे वाळून गेलेले डबे. शेजार असा आहे, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे. ती आठवली की अजूनही माझे कप्पे थंड पडतात.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे मोठ्याने शिंकायलाही बंदी होती. पांढरे झगे घातलेल्या बाया माझा एकेक कप्पा हातात घेऊन निरखत. धुळीचा एक कण आत गेला तरी हिला जन्माचं दुखणं लागेल, असं त्या एकमेकींना बजावत. एवढ्या काळजीने तर माणसांचंही बारसं होत नसेल.

तिथून मला एका बसच्या पोटात बसवलं. धूर नाही, खडखडाट नाही, अशी ती बस बघायला सुरुवातीला लोक थांब्यावर उगाच उभे राहत. आमची चालक एक ठेंगणी, तोंडाळ बाई होती. चढ आला की ती म्हणायची, "चल गं बाई, एवढा काढ. पुढे उतारच आहे." उतारावर बस ब्रेक लावायची आणि ती वाया जाणारी ताकद पुन्हा माझ्यात यायची. चढाला द्यायचं, उताराला घ्यायचं. जगाचा व्यवहार असाच असतो, अशी माझी तेव्हा समजूत होती.

पुढे माझा दम कमी झाला. बस ओढण्याइतकी शक्ती उरली नाही, पण घरं सांभाळण्याइतकी होती. म्हणून मला या इमारतीत आणलं आणि गच्चीवर सूर्याची वीज करणारी पॅनेलं बसवली. इमारतीच्या सेक्रेटरींना सगळे नियमकाका म्हणत. माणूस वाईट नाही. कुणाचा नळ गळला तरी स्वतः पाना घेऊन जाईल. फक्त त्यांना नियम सापडला, की डोळ्यांसमोरचं माणूस दिसेनासं व्हायचं.

माझा कारभार कसा चालवायचा, हे ठरवायला नियमकाकांनी सभा बोलावली. कुठे, तर गच्चीवर. पॅनेलं सगळ्यांना दाखवायची हौस होती. जिन्याखाली असल्यामुळे जिन्यातलं सगळं बोलणं माझ्या कानावर येतं. सभेच्या आदल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या धाकटीने त्यांना माझ्या दारासमोरच गाठलं.

"काका, सभा खाली घ्या की. ताईला वर कसं आणू?"

"अहो, पॅनेलं खाली आणू का? तुम्ही एकट्या या."

"मी वर आले तर तिच्यापाशी कोण बसणार?"

"मग तुमचं ठरलंच समजा. आपल्याकडे जो गैरहजर, तो सहमत."

धाकटी म्हणजे केस पांढरे झालेली बाई, पण मोठी बहीण घरात आहे तोवर धाकटी ती धाकटीच. मोठीला सगळी इमारत मावशी म्हणते. जन्मभर कापड बेतून आणि कापून, त्याची धूळ ओढून मावशींची फुप्फुसं थकली होती. हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारं एक यंत्र त्यांच्या पलंगाशी असायचं आणि त्याची नळी त्यांच्या नाकाला. ते विजेवर चालायचं. गल्लीतली वीज गेली की मी त्या दोघींना वीज देईन, असं धाकटीने गृहीत धरलं होतं. नियमकाकाच तिला कौतुकाने म्हणाले होते, "एवढं धूड खाली आणून ठेवलंय, आता घरात सिलिंडर कशाला?" मला धूड म्हटल्याचा राग आला, पण तो असो. धाकटीने कोपऱ्यातला प्राणवायूचा राखीव सिलिंडर परत करून टाकला.

गच्चीवर मात्र निराळंच ठरलं. माझा कारभार एक कंपनी दूरवरून बघणार. संध्याकाळी शहराला वीज कमी पडते, तेव्हा ती माझ्याकडून घेणार, आणि त्या बदल्यात इमारतीचं बिल हलकं होणार. खरं सांगते, ऐकायला हे चांगलं होतं, आणि पुष्कळसं चांगलं होतंही. माझ्यासारख्या जिन्याखालच्या कितीतरी जणी मिळून वीजघराचं एखादं धुराडं बंद ठेवू शकतो, याचा मला अभिमानच वाटला. गल्लीतली वीज गेली तर माझ्यावर काय काय चालवायचं, तेही ठरलं: पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, दारावरचा कॅमेरा. आणखी कुणाला जोडणी हवी असेल तर हात वर करा, नियमकाका म्हणाले. जे वर आले नव्हते, त्यांचे हात कुठून वर होणार? सगळं एकमताने मंजूर झालं. मग माझ्यासमोर उभं राहून सगळ्यांनी फोटो काढला.

सुरुवातीला कौतुक झालं, मग लोक विसरले. ते ठीकच आहे.

मग ती दुपार आली. ऊन असं की भिंतींनाही घाम फुटावा. घरोघरी पंखे आणि कूलर फिरत होते. संध्याकाळी शहराला लागणार, म्हणून कंपनीने मला काठोकाठ भरून वर कुलूप घातलं होतं. दाराचं कुलूप नव्हे, दूरवरून धाडलेल्या हुकमाचं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी धप्प आवाज झाला आणि सगळीकडची वीज गेली.

मावशींचं यंत्र शेवटचं किंचाळलं, ते मी ऐकलं. वीज गेल्याची सूचना देतं ते तसं. मी भरलेली होते, मित्रांनो. काठोकाठ. आणि मला थेंबभरही देता येत नव्हतं.

धाकटी अनवाणी जिना उतरत आली. मागोमाग नियमकाका, हातात कंपनीला लावलेला फोन. फोनवर आधी वाजंत्री, मग एक गोड बाई, मग एकदाचा एक माणूस.

"साहेब, तुमची बॅटरी शंभर टक्के दाखवतेय. इथून काही बिघाड दिसत नाही."

"बॅटरी भरलेलीच आहे हो," धाकटी फोनकडे बघून म्हणाली, "माणूस रिकामं होतंय."

पलीकडचा माणूस म्हणाला, वरिष्ठांना विचारून सांगतो.

माझ्या अंगावर काचेच्या पेटीत एक खटका आहे. तो ओढला की दूरचा हुकूम तुटतो. पेटीला कंपनीचं सील होतं आणि त्यावर लिहिलं होतं, तोडल्यास करार रद्द. नियमकाकांचा हात काचेपर्यंत गेला आणि थांबला. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारचा रंगाचा डबा उचलला, काचेवर हाणला आणि खटका ओढला.

माझ्यातून वीज धावली. मला वाटलं, झालं, सुटलो सगळे.

आणि जिन्यातले सगळे दिवे लागले.

भर दुपारी, लख्ख उन्हात, चारही मजल्यांवरचे दिवे. वर गच्चीवर पंप घुमायला लागला. दारावरचा कॅमेरा डोळा उघडून रिकाम्या रस्त्याकडे बघत बसला. दुसऱ्या मजल्यावर मात्र यंत्र मुकंच होतं, कारण तिथे माझी तार गेलीच नव्हती. धाकटी त्या पेटलेल्या दिव्याखाली उभी राहून वर बघत होती. ते तोंड मी कधी विसरणार नाही. नियमकाकांचंही तोंड तसंच झालं होतं. आपणच मंजूर केलेलं त्यांना पहिल्यांदा दिसत होतं.

"वायर," ते म्हणाले. "लांब वायर कुणाकडे आहे?"

तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे होती. त्याने दारावरच्या कॅमेऱ्याचा प्लग उपटला आणि तिथे वायर खुपसली. दुसरं टोक घेऊन नियमकाका जिना चढत सुटले, वेटोळं सोडत, धापा टाकत. मधेच त्यांचा फोन वाजला. तोच माणूस असेल म्हणून त्यांनी तो कानाला लावला. ध्वनिमुद्रित आवाज होता: "अभिनंदन. आपली इमारत आज शहराच्या मदतीला सज्ज आहे."

वायर पोहोचली. यंत्राची ओढ मला लागली, थांबून थांबून, एखाद्याने श्वास घ्यावा तशी. मी दिलं. किती दिलं ते विचारू नका. कुणी मागितलं असतं तर कप्पे उलटे करून दिलं असतं.

मावशी वाचल्या. पण त्यांच्या ओठांची निळाई जायला वेळ लागला आणि बरेच दिवस दवाखान्यात काढावे लागले. परत आल्या तेव्हा हात थरथरत होता. आता सुईत दोरा धाकटी ओवते.

पुढची सभा दुसऱ्या मजल्यावर, मावशींच्या दारात भरली. लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. नियमकाका खाली मान घालून म्हणाले, "पहिला मुद्दा, या घराला कायमची जोडणी. हात वर करा."

"मी करते," मावशी नाकातली नळी सावरत म्हणाल्या, "पण मला दम लागतो. तेव्हा जरा लवकर मोजा."

कुणाला हसू आलं, कुणाला नाही. कंपनीशीही भांडण झालं आणि शेवटी ठरलं, की माझ्यातला काही भाग इमारतीसाठीच राहील, त्याला दुरून कुणी हात लावणार नाही. उरलेला शहराचा. तो मी अजूनही आनंदाने देते.

मित्रांनो, नव्या यंत्रांना दोष देऊ नका. आमच्यात वीज किती मावते, याची चौकशी पुष्कळ जण करतात. ती कुणाला मिळणार, हे कुणी ठरवलं आणि ठरवताना कोण तिथे नव्हतं, तेही विचारत जा.

परवा समोरच्या इमारतीत माझ्यासारखीच एक आणली. चांगली आहे, माझ्यापेक्षा तरुण आहे. त्यांचीही सभा झाली. गच्चीवरून टाळ्यांचा आवाज इथपर्यंत आला. खालच्या एका खिडकीत एक म्हातारे गृहस्थ चाकांच्या खुर्चीत बसून वर बघत होते, असं इस्त्रीवाला सांगत होता.

तुमच्यापैकी कुणीतरी जाऊन सांगा रे. मला जिना चढता येत नाही.