दुसऱ्या ठिकाणाहून लॉगिन

ईश्वरीने लॅपटॉप उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पासवर्ड पुन्हा टाकला, या खेपेला एकेक अक्षर ओठांत म्हणत. चाक फिरलं, थांबलं. पडद्यावर तीच तांबडी पट्टी आली. प्रवेश नाकारण्यात आला आहे.

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. पाचपर्यंत उत्तर गेलं नाही तर प्रबंध परत येणार होता, आणि परत आलेला प्रबंध पुन्हा समितीपुढे जायला सहा महिने लागतात. ज्वारीच्या खडखड्या रोगावर तिने पाच वर्षं काम केलं होतं. बाहेरच्या परीक्षकांनी एकच शंका काढली होती, पण ती वर्मावर बोट ठेवणारी होती. प्रबंधात दिलेला आकडा मूळ शोधनिबंधाच्या तिसऱ्या तक्त्यात सापडत नाही. तो कुठून आणला? मूळ पानाची प्रत जोडावी. हे पत्र तिच्या हाती आज सकाळी पडलं होतं.

तो शोधनिबंध तिने वाचला होता, आकडा स्वतःच्या हाताने वहीत उतरवला होता. पण प्रत ज्या लॅपटॉपात होती तो गेल्या उन्हाळ्यात जळाला. आता ते पान मिळायचं ते विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पोर्टलवरच, आणि ताडकळसच्या या घरातून ते पोर्टल काही केल्या उघडत नव्हतं. वसतिगृहातल्या मंजुषाला तिने फोन केला होता. मंजुषा संशोधन प्रक्षेत्रावर होती, साडेपाचच्या आत परतणार नव्हती.

तिने ग्रंथालयाचा नंबर लावला. दिनकररावांनी उचलला, तिने अडचण सांगितली. पाच वर्षं काउंटरपलीकडे बसलेला हा माणूस पुस्तकावर शिक्का मारताना कधी मान वर करत नसे.

"ब्राउझर बदलून बघा."

"बदलला, सर."

"जुनं साठलेलं पुसून टाका अन् मशीन बंद करून चालू करा."

"तेही केलं. दोनदा."

"मग वाय-फाय काढा, मोबाइलचं नेट घ्या."

तिने मोबाइलचं नेट घेतलं. तांबडी पट्टी आली. पलीकडून कळा दाबल्याचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

"मॅडम, हे नेटचं न्हाई. तुमचं खातंच लॉक झालंय. काल दुपारी. एकाच येळी दोन ठिकाणांहून लॉगिन."

काल दुपारी ती मौखिक परीक्षेची तयारी करत बसली होती. मध्येच पोर्टलने बाहेर काढलं, तेव्हा नेट गेलं असेल असं समजून ती चहा करायला उठली होती.

"एक मी होते. दुसरं ठिकाण कोणतं?"

"ते मला दिसत न्हाई. काय काय काढलं त्याची यादी दिसती." ते वाचू लागले. "साठवणुकीतल्या तुरीवरचा भुंगेरा. कडधान्यात राख मिसळण्याचे परिणाम. कडुलिंबाचा पाला आणि अंडी घालण्याचं प्रमाण. लय मोठी यादी हाय. तुमचा तर ज्वारीचा विषय ना?"

ईश्वरीचा हात लॅपटॉपवरून खाली आला.

"त्या लॉगिनची वेळ काय आहे, सर?"

"दुपारी दोन ते साडेतीन. रोज. रविवार तेवढा सोडून."

तुरीचा भुंगेरा हा भक्तीचा विषय होता. दोघी तीन वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी भक्तीचं लग्न ठरलं, ती राणीसावरगावला गेली, दोन सत्रांचं शुल्क भरलं नाही आणि नोंदणी रद्द झाली. एकदा तिने फोन करून सांगितलं होतं, एकच निबंध बघायचाय गं, माझं बंद झालंय. ईश्वरीने फोनवरच पासवर्ड सांगितला होता आणि विसरून गेली होती. त्यानंतर भक्तीचे फोन विरळ होत गेले. संक्रांतीला एक मेसेज, दिवाळीला एक.

"मॅडम, हायेत का?"

"आहे, सर. लॉक काढायला काय करावं लागेल?"

"एक खुलासा मेलवर द्या. पासवर्ड कोणालाच दिला नव्हता असं लिहिलं, तर ते चोरीचं प्रकरण होतं. आमी तक्रार पुढं पाठवतो, तुमचं खातं धा मिनिटांत खुलं. दुसरं लॉगिन कोणाच्या नंबरावरून झालं ते मग तपासणारे बघतील."

"आणि दिला होता असं लिहिलं तर?"

"तर खातं सहा महिने बंद. तुमच्या मार्गदर्शकांना पत्र जातं. तुमचं आज काय अडलंय ते सांगितलंत तुमी. मी काय लिहा म्हणू शकत न्हाई."

फोन ठेवल्यावर तिने कोरा मेल उघडला. 'मी माझा पासवर्ड' एवढं लिहिलं आणि थांबली. आतून भागम्माने, तिच्या आईने, विचारलं, "जेवतीस का न्हाई? भाकरी वाळायलीय."

"आले, आई."

ती उठली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात दोन एकोणचाळीसचे दोन चाळीस झाले. 'कोणालाही दिला नव्हता', तीनच शब्द होते. राणीसावरगावच्या त्या घरात कोणीतरी चौकशीला जाईल. दारात उभं राहून भक्तीच्या नवऱ्याला विचारेल, हा नंबर तुमच्या घरातला का? आणि भक्ती, जी परीक्षेत शेजारच्याची पट्टीसुद्धा मागत नसे, आतल्या दाराआड उभी राहील.

तिने लिहिलं, 'मी माझा पासवर्ड एका व्यक्तीला स्वतःहून दिला होता. चूक माझी आहे. नाव देऊ इच्छित नाही.' पुन्हा वाचलं नाही. पाठवून दिलं आणि लगेच फोन लावला.

"सर, मेल केलाय. आता एवढंच सांगा, आवारात येऊन वाचायला लॉगिन लागतं का?"

"हॉलमधल्या कॉम्प्युटरला काहीच लागत न्हाई. पण मला पान पाठवता येत न्हाई, तुमालाच यावं लागंल. ओळखपत्र आणा." मग आवाज उतरवून म्हणाले, "मेल वाचला मी. साडेचारनंतर हॉल बंद करतेत आज. लवकर निघा."

बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांद्याचे ढीग, दावणीला बांधलेल्या शेळ्या, मधोमध वळायला बघणारी एसटी. ईश्वरीची स्कूटी त्या बसमागे अडकली. ती हॉर्न दाबत राहिली, मग तिचं तिलाच ओशाळं वाटून थांबली. बस हलली तेव्हा तीन वाजून गेले होते. गाव मागे पडल्यावर तिने स्कूटी इतकी दामटली की ओढणीचं टोक सुटून पाठीवर फडफडू लागलं, ते बांधायलाही ती थांबली नाही. वाटेत पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला दिसला. पंपावर पुढे दोन ट्रॅक्टर होते. तिने पंप तसाच मागे टाकला.

ग्रंथालयाच्या पायऱ्या चढली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. हॉलमधले तीन कॉम्प्युटर बंद होते, चौथ्यावर दिनकररावांनी ग्रंथालयाचं पान आधीच उघडून ठेवलं होतं. शोधनिबंध सापडला. परीक्षकांनी म्हटल्याप्रमाणे तिसऱ्या तक्त्यात तो आकडा नव्हताच. ईश्वरीने तक्ता वरून खाली वाचला, खालून वर वाचला. पाच वर्षांपूर्वी वहीत तिने नक्की काय बघून लिहिलं होतं? तिने पान उलटलं. चौथ्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीत तो आकडा होता, जसाच्या तसा. तक्त्याचा क्रमांक चुकला होता.

तिने ती चूक उत्तरात कबूल केली, पान जोडलं आणि चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी पाठवलं. पोच आली. तरी ती पडद्याकडे बघत बसली. मागे दिनकरराव खिडक्या लावत होते. जाताना त्यांनी तिच्यापुढे एक छापील कागद ठेवला. बाहेरील वाचकांसाठी सभासदत्वाचा अर्ज.

"नोंदणी नसली तरी हे मिळतं. पासवर्ड सोताचा येतो. कोणाला माहीत नसतं, म्हणून मागत न्हाईत," एवढं बोलून ते पुढच्या खिडकीकडे गेले.

बाहेर झाडाखाली स्कूटीला टेकून तिने भक्तीला फोन लावला. रिंग बराच वेळ वाजत राहिली.

"ईशू? आज कशी काय आठवण झाली गं?"

"सहजच. काय करायलीस?"

"काय न्हाई. बसलेय." मग भक्तीने हळूच विचारलं, "तुझं ते पोर्टल... कालपासून बंद हाय का गं?"

ईश्वरीने डोळे मिटले. "हो. बंद झालंय."

"मी तुला सांगणार होते," भक्ती म्हणाली. "रोज ठरवायचे, आज सांगते. मग वाटायचं, एवढा एक निबंध झाला की सांगू. माझ्यामुळं काय झालं का तुझं?"

"काही नाही झालं. पण भक्ती, नुसतं वाचून काय करायलीस तू?"

"नुसतं न्हाई. अठरा बरण्या हायेत. सहांत राख, सहांत पाला, सहांत नुसती तूर. चौथा महिना लागलाय, आता थांबवता येत न्हाई."

"आणि घरात?"

भक्ती उत्तर देणार तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, जाडसर, घाईचा. भक्तीची सासू, मनकर्णाबाई.

"कोन हाय गं? विद्यापीठातली का?"

"हो, आत्याबाई."

"मग इच्यार की तिला. म्हनावं, राखंच्या सहाव्या बरणीत आज एकबी किडा न्हाई, मी दोनदा मोजलं. राख किती दिस टिकती ते कागदात कवा बघाया मिळंल?"